जुन्या पुलाचे भवितव्य

(इयत्ता सहावी व सातवी : भूगोल, सामान्य विज्ञान, गणित व नागरिकशास्त्र यांचा समन्वित पाठ)

१. पाठाचे प्रयोजन

केशोरी आणि तिच्या आसपासच्या गावांतील मुलांच्या वाटेवर एखादा नाला, एखादा रपटा किंवा एखादा लहानमोठा पूल आल्यावाचून राहत नाही. गाढवी नदी, तिच्यावर गोठणगावाजवळ बांधलेले इटियाडोह धरण, गावोगावचे तलाव व बोड्या आणि त्यांतून वाहणारे नाले यांनी हा मुलूख विणला गेला आहे. पावसाळ्यात मूल शाळेत आले नाही, तर त्याचे कारण पुष्कळदा रोवणी तरी असते, नाहीतर पाणी तरी असते. असे असूनही पूल ही वस्तू आपल्या पाठांतून क्वचितच येते. नदी शिकविली जाते, पर्जन्यमान शिकविले जाते, दळणवळणाची साधने पाठ करून घेतली जातात. परंतु नदी आणि रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, त्या जागेचा विचार मुलांपुढे येत नाही.

पूल हा एकदा बांधला म्हणजे कायमचा झाला, अशी समजूत मुलांचीच नव्हे, तर मोठ्यांचीही असते. वास्तविक पुलालाही वय असते, आजार असतात आणि त्याचीही शुश्रूषा करावी लागते. जुना झालेला पूल ठेवावा, दुरुस्त करावा, हलक्या कामास लावावा की पाडावा, हा प्रश्न आज महाराष्ट्रात अनेक नद्यांवर उभा आहे. त्या प्रश्नाचा निर्णय अभियंते करतात हे खरे. पण तो निर्णय वेळेवर व्हावा म्हणून जागृत नागरिक लागतात, आणि ते घडविण्याचे काम शाळेचे आहे. प्रस्तुत पाठटिपण त्या दृष्टीने शिक्षक बंधुभगिनींच्या उपयोगासाठी दिले आहे. पाठास सुमारे चार तासिका लागतील. तो शक्यतो मृगाच्या आधी किंवा शाळा सुरू होताच पहिल्या पंधरवड्यात घ्यावा.

२. प्रस्तावना व हेतुकथन

प्रारंभी मुलांना त्यांच्या अनुभवातील प्रश्न विचारावेत. ‘तुमच्या गावाहून केशोरीस किंवा अर्जुनी मोरगावास जाताना किती ठिकाणी पाणी ओलांडावे लागते? त्यांपैकी रपटे किती, पूल किती? रपटा आणि पूल यांत फरक काय? गेल्या पावसाळ्यात कोणता रस्ता बंद पडला होता?’ उत्तरे फळ्यावर लिहून घ्यावीत. रपट्यावरून पूर जाऊ द्यायचा असतो आणि पुलाखालून जाऊ द्यायचा असतो, हा भेद मुलांकडूनच काढून घ्यावा. त्यानंतर हेतुकथन करावे : ‘पूल कसा उभा राहतो, तो म्हातारा कसा होतो आणि म्हाताऱ्या पुलाचे पुढे काय करावे, हे आपण आज पाहणार आहोत.’

३. महाडचा पूल

रायगड जिल्ह्यात महाड हे गाव आहे. सावित्री नदी महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून महाडजवळून अरबी समुद्राकडे जाते. महाडचे नाव मुलांना चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे ठाऊक असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी केला. त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२८ साली, सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूक पुढे त्या पुलावरून चालू लागली. कालांतराने शेजारी दुसरा पूल बांधण्यात आला. तरीही जुना पूल वाहतुकीतून निवृत्त झाला नाही. मुंबईच्या दिशेने जाणारी वाहने त्यावरूनच जात राहिली.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला मोठा पूर आला होता. त्या अंधारात जुन्या पुलाचा मोठा भाग कोसळला. राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्या, एक जयगडहून मुंबईस आणि दुसरी राजापूरहून बोरिवलीस जाणारी, तसेच एक खाजगी मोटार पाण्यात गेली. चाळीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. नौदलाचे पाणबुडे, तटरक्षक दल व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांनी कित्येक दिवस शोध घेतला. काही मृतदेह दूर खाडीच्या मुखापर्यंत वाहून गेले होते.

हे वृत्त मुलांना सांगताना भीती उत्पन्न करणे हा हेतू नसावा. त्यातील दोन गोष्टींवर मात्र भर द्यावा. पहिली अशी की, त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि वाहतुकीस धोका नाही असे ठरले होते. अपघातानंतर शासनाने, महाबळेश्वर भागातील अतिवृष्टीमुळे आलेल्या पुराचा प्रचंड दाब, हे कारण सांगितले. दुसरी गोष्ट अशी की, त्याच जागी नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत बांधून पुरा झाला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला करण्यात आला. वर्गातील मोठ्या मुलांपुढे येथे एक प्रश्न ठेवावा : ‘जो पूल आपत्तीनंतर १६५ दिवसांत होऊ शकतो, तो आपत्तीपूर्वी का होत नाही?’ उत्तराची घाई करू नये. पाठाच्या अखेरीस मुलांनी या प्रश्नाकडे पुन्हा वळावे.

४. कमान कशी उभी राहते

दगड हा दाब उत्तम सहन करतो, ताण मात्र सहन करीत नाही. लांब दगडी फरशी दोन टोकांवर ठेवून मध्ये वजन दिले, तर तिची खालची बाजू ताणली जाते आणि ती मोडते. जुन्या कारागिरांनी यावर कमानीची युक्ती योजिली. पाचरीच्या आकाराचे दगड अर्धगोलात बसविले म्हणजे वरचे वजन प्रत्येक दगडास शेजारच्या दगडावर दाबून धरते. भार जितका यावा तितके दगड एकमेकांस घट्ट बिलगतात. म्हणूनच दगडी कमानी शतकानुशतके टिकतात.

येथे एक कृती घ्यावी. पाच-सहा मुले दोन रांगांत समोरासमोर उभी करावीत. प्रत्येकाने समोरच्याच्या तळहातांवर तळहात टेकून पुढे रेलावे. ही झाली कमान. आता एका मुलास एक पाऊल मागे घ्यावयास सांगावे. समोरचा लगेच तोल जाऊन पुढे येईल. कमानीचे बळ तिच्या दगडांइतकेच तिच्या पायांत असते, हे मुलांच्या ध्यानी येईल. अनेक कमानींच्या पुलात शेजारशेजारच्या कमानींचा रेटा मधल्या खांबावर दोन्ही बाजूंनी येऊन तोलला जातो. त्यामुळे एक खांब खचला की त्याच्यावर टेकलेल्या दोन्ही कमानी जातात आणि पुढच्या खांबांचाही तोल बिघडतो. असा पूल पडतो तेव्हा एखादा दगड निखळून थांबत नाही. त्याचा मोठा भाग क्षणात नाहीसा होतो.

५. पूल म्हातारा कसा होतो

(अ) पायाची धूप. नदीवरील पुलाचा सर्वांत मोठा शत्रू त्याच्या पायाशी असतो. वाहते पाणी खांबावर आपटले म्हणजे ते खाली वळते, खांबाच्या दोन्ही अंगांस भोवरे निर्माण होतात आणि तळाची वाळू उपसली जाऊन खड्डा पडतो. वर्गात हे सहज दाखविता येते. एका पसरट परातीत ओली वाळू भरून तीत एक उभट दगड रोवावा आणि परात किंचित कलती करून एका बाजूने पाण्याची धार सोडावी. दगडाच्या समोर व दोन्ही बाजूंस खड्डा पडत जाईल आणि काही वेळाने दगड प्रवाहाच्या वरच्या बाजूस, म्हणजे पाणी जिकडून येते तिकडे, कलू लागेल. मुलांना हे अनपेक्षित वाटते. म्हणून प्रयोगापूर्वी ‘दगड कोणीकडे पडेल?’ असा अंदाज लिहून घ्यावा.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दाखवावी. धार हळूहळू कमी केली म्हणजे पाण्याबरोबर आलेली वाळू खड्ड्यात बसू लागते. नदीतही पूर ओसरताना पडलेला खड्डा सैल वाळूने भरून येतो. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात उभे राहून पाहणाऱ्यास पाया सुरक्षित दिसतो; पण खड्डा भरून आलेली ती वाळू पुढच्या पुराच्या पहिल्या लोंढ्याबरोबर निघून जाते. म्हणून नदीवरच्या पुलाची परीक्षा केवळ वैशाखात करून भागत नाही; ती पुराच्या वेळीही व्हावी लागते. आता पाण्याची खोली मापण्याची ध्वनियंत्रे व पाणबुड्यांची मदत उपलब्ध आहे. नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी पाण्याच्या पृष्ठभागापाशी थांबते, हे सूत्र मुलांनी लक्षात ठेवावे.

नदीच्या पात्रातून बेसुमार वाळू उपसली गेल्यास तळच खाली जातो आणि खांबांचा पाया उघडा पडतो. वाळू पुलाजवळून का काढू देत नाहीत, याचे उत्तर मुलांना येथे मिळेल.

गणिताची जोड येथे द्यावी. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर खांबावरील दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर तो नऊपट होतो. वाहते पाणी जो दगड ढकलू शकते त्याचे वजन तर वेगाच्या सहाव्या घातात वाढते, असा जलशास्त्राचा ठोकताळा आहे. म्हणजे वेग दुप्पट झाला तर २ × २ × २ × २ × २ × २ = ६४ पट वजनाचा दगड हलतो. उन्हाळ्यात खडे हलविणारा नाला श्रावणात धोंडे का लोटतो, हे यावरून उमगेल.

(आ) सांध्यांचा क्षय. जुन्या पुलांचे दगड चुन्याने सांधलेले असतात. पावसाचे पाणी रस्त्यावरून खाली झिरपत राहिले की चुना विरघळून वाहून जातो. कमानीखाली पांढरे ओघळ दिसतात ते त्याचेच. पोकळ झालेल्या सांध्यांत पक्ष्यांच्या विष्ठेतून वड, पिंपळ, उंबर यांचे बी पडते. त्याचे रोपटे प्रथम शोभिवंत दिसते, पण त्याची मुळे पाचरीप्रमाणे दगड दूर सारतात. रोप वरून छाटले तर मूळ आत वाढतच राहते. ते समूळ काढून सांधा पुन्हा भरावा लागतो.

(इ) गंज. नव्या पुलांत दगडाऐवजी लोखंड व काँक्रीट असते. काँक्रीटच्या आतील पोलादी सळ्यांस पाणी व हवा पोहोचली की गंज चढतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापते, त्यामुळे काँक्रीटचे पापुद्रे सुटतात आणि सळ्या उघड्या पडतात. शाळेच्या जुन्या छतातही मुलांनी हे पाहिले असेल.

(ई) वाढता भार. १९२८ सालच्या रस्त्यावर बैलगाड्या, टांगे आणि तुरळक मोटारी असत. आज तीन आसांच्या मालमोटारीस मालासह २८.५ टनांपर्यंत वजनाची मुभा आहे. चार चाकांच्या एका आसावरील भाराची मर्यादा २०१८ साली १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. वाढ शेकडा किती झाली, हे मुलांकडून काढून घ्यावे. उत्तर सुमारे १२.७ येईल. पूल तोच, त्याचे वय वाढते, आणि डोक्यावरचे ओझेही वाढते. घरातील वृद्धाच्या पाठीवर दरसाल जड पोते चढवीत जावे, तसा हा प्रकार आहे.

६. वय आणि प्रकृती

यावरून ‘जुना पूल वाईट आणि नवा पूल चांगला’ असा निष्कर्ष मुले काढतील. तो घाईचा आहे. त्यांच्यापुढे पुढील उदाहरणे फळ्यावर मांडावीत आणि कोसळलेला प्रत्येक पूल त्या वेळी किती वर्षांचा होता, हे त्यांनाच वजाबाकीने काढावयास सांगावे.

गोव्यात पणजी येथे मांडवी नदीवर १९७० साली पूल झाला. तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. वय १६ वर्षे. खाऱ्या हवेत आतील पोलाद गंजणे हे त्याचे मोठे कारण मानले गेले.

अमेरिकेत ओहायो नदीवरील ‘सिल्व्हर ब्रिज’ हा लोखंडी साखळीचा पूल १९२८ साली, म्हणजे सावित्रीच्या पुलाच्याच वर्षी, खुला झाला. १५ डिसेंबर १९६७ रोजी तो कोसळून ४६ माणसे गेली. वय ३९ वर्षे. साखळीच्या एका कडीत सुमारे अडीच मिलिमीटर खोलीची चीर पडली होती आणि सांधा सोडविल्यावाचून ती दिसणे शक्य नव्हते.

गुजरातेत मही नदीवरील गंभीरा येथील पूल १९८५ साली झाला. ९ जुलै २०२५ रोजी त्याचा एक गाळा पडून वाहने नदीत गेली व वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वय ४० वर्षे.

इटलीतील जेनोवा शहराचा मोरांदी पूल १९६७ साली खुला झाला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी पडला. ४३ बळी गेले. वय ५१ वर्षे.

सावित्रीचा पूल पडला तेव्हा त्याचे वय ८८ वर्षे होते.

आता दुसरी बाजू पाहावी. पणजीहून रायबंदरास जाणारा लिन्हारिसचा सेतू पोर्तुगीज अमदानीत १६३३-३४ साली बांधला गेला. जांभ्या दगडाचा हा सेतू पावणेचारशे वर्षे उलटून गेल्यावरही वापरात आहे. ज्या पणजीत सोळा वर्षांचा पूल पडला, त्याच पणजीत हा सेतू उभा आहे. सांगलीस कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ साली झाला. सावित्रीच्या पुलापेक्षा तो एका वर्षाने लहान. २०१९ च्या महापुरातही तो टिकला. त्याच्यावरून अवजड वाहने बंद करण्यात आली, ही गोष्ट येथे विसरू नये.

यावरून मुलांनी काढावयाचा निष्कर्ष असा : केवळ वय पाहून पुलाचे भवितव्य ठरत नाही. त्याचा पाया, त्याचे सांधे, त्याच्यावरचा भार आणि त्याची निगा या चार गोष्टींवर ते ठरते. ओहायोच्या दुर्घटनेनंतर अमेरिकेत कायदा होऊन १९७१ पासून सार्वजनिक पुलांची ठरावीक काळाने तपासणी करण्याचे राष्ट्रीय नियम लागू झाले. आपल्या देशात २०१६ साली पुलांची देशव्यापी नोंद ठेवण्याची व्यवस्था सुरू झाली आणि सावित्रीच्या दुर्घटनेनंतर महाराष्ट्रातील जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले.

७. भवितव्याचे चार मार्ग

जुन्या पुलापुढे सामान्यतः चार मार्ग असतात. वर्गाचे चार गट करून प्रत्येकाने एकेका मार्गाची बाजू मांडावी.

पहिला मार्ग दुरुस्तीचा. सांधे भरणे, झाडे काढणे, पायाभोवती दगडांचा वेढा घालणे, गंजलेले भाग बदलणे. हा मार्ग स्वस्त. पण वेळेवर केला तरच उपयोगी.

दुसरा मार्ग भार कमी करण्याचा. अवजड वाहने बंद करून पूल मोटारसायकली, बैलगाड्या व पादचाऱ्यांसाठी ठेवणे. या मार्गात एक धोका आहे : नुसती पाटी लावून बंदी होत नाही. पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल धोकादायक असल्याची पाटी होती. तरीही १५ जून २०२५ रोजी, रविवारी, सहलीस आलेल्या लोकांची त्यावर गर्दी झाली आणि पूल कोसळून चौघे मृत्यू पावले. बंदी करावयाची तर लोखंडी अडसर हवा आणि लोकांना जाण्यास दुसरी वाटही हवी. दुसरी वाट नसेल तर लोक पाटी वाचूनही जाणारच. त्यांना केवळ दोष देऊन चालत नाही.

तिसरा मार्ग शेजारी नवा पूल बांधण्याचा. कोल्हापुरास पंचगंगेवरील शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकातला. त्याला पर्यायी पुलाचे काम, जवळच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या पुरातत्त्वीय संरक्षणाच्या नियमामुळे, काही वर्षे अडले होते. २०१९ साली तो पूल खुला झाला. तोपर्यंत सारा भार जुन्यावरच राहिला. वारसा राखणेही योग्य आणि प्रवाशांचे प्राण राखणेही योग्य. दोन योग्य गोष्टींचा मेळ वेळेत कसा घालावा, हा नागरिकशास्त्राचा उत्तम प्रश्न आहे. महाडचे उदाहरण याच्या पुढची गोष्ट शिकविते. तेथे दुसरा पूल झालेला होता; पण जुन्यावरची वाहतूक थांबली नव्हती. नवा पूल बांधल्याने जुन्याचा प्रश्न आपोआप सुटत नाही. त्याचा वेगळा निर्णय घ्यावाच लागतो.

चौथा मार्ग पूल पाडण्याचा. जो पूल दुरुस्त होणार नाही आणि ज्याचे अवशेष पुराचे पाणी अडवितील, तो काढून टाकणेच हिताचे. यात भावना आड येते. पण वृक्ष वठला आणि घरावर कलला म्हणजे तो तोडावाच लागतो.

८. आपल्या प्रदेशाचा दाखला

निगेचे महत्त्व समजाविण्यासाठी दूर जावे लागत नाही. भंडारा-गोंदियाचा हा प्रदेश तलावांचा. नवेगावबांधसारखे तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले, अशी परंपरा आहे. ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते मालगुजारी तलाव पिढ्यान्‌पिढ्या धानाला पाणी पुरवीत आले. पाळीवरील खाचा बुजविणे, गाळ काढणे, सांडवा मोकळा ठेवणे ही कामे गाव मिळून दरसाल करी. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली. ती व्यवस्था जाणे सामाजिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यक होते. परंतु तलाव सरकारजमा झाल्यावर ‘पाळीची खाच कोणी बुजवावयाची?’ हा प्रश्न अनेक ठिकाणी अनुत्तरित राहिला आणि पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले.

पुलाचेही असेच आहे. ज्याची जबाबदारी सर्वांची, ती कोणाचीच नाही, असे होऊ नये म्हणून कोणता रस्ता कोणाकडे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. राष्ट्रीय महामार्गांची जबाबदारी केंद्राच्या यंत्रणेकडे व तिच्या वतीने काम करणाऱ्या राज्याच्या विभागाकडे. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हामार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावाजवळचा पूल यांपैकी कोणत्या रस्त्यावर आहे, हे मुलांनी ग्रामपंचायतीत विचारून लिहावे. तक्रार योग्य दारी गेली तरच तिचे काम होते.

वैनगंगेचे उदाहरणही द्यावे. भंडाऱ्यालगत कारधा येथे नदीवर जुना लहान पूल आहे आणि पुराच्या दिवसांत तेथील पाण्याची पातळी साऱ्या खोऱ्यास कळविली जाते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस आलेल्या महापुरात गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या चारही जिल्ह्यांना झळ लागली. अशा पुरानंतर रस्ता पुन्हा उघडण्यापूर्वी पुलाचा पाया तपासणे का अगत्याचे आहे, हे मुले आता स्वतः सांगू शकतील.

९. शाळेची पूल-नोंदवही

या पाठाचे उपयोजन म्हणून प्रत्येक शाळेने एक नोंदवही सुरू करावी. गावाजवळचा एक पूल, मोरी किंवा रपटा निवडावा आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीनंतर, त्याची पाहणी करावी. पाहणी शिक्षकांच्या देखरेखीखाली, काठावरूनच व्हावी. मुलांना पुलाखाली किंवा पात्रात उतरवू नये. वर्दळीच्या रस्त्यावर उभे करू नये. पूर असताना पाहणी करूच नये.

नोंदवावयाच्या गोष्टी : बांधकामाचे वर्ष लिहिलेले असल्यास ते; कमानी किंवा गाळे किती; कठडा शाबूत आहे काय; भेगा, पांढरे ओघळ, उघड्या सळ्या, उगवलेली रोपे; पाणी जाण्याची भोके बुजली आहेत काय; रस्ता कोठे खचला आहे काय; खांबाच्या पायथ्याची जी खूण गतवर्षी दिसत होती ती यंदा दिसते काय; गेल्या पुराचे पाणी कोठवर चढले होते. शेवटची माहिती गावातील वृद्धांकडून घ्यावी. प्रत्येक वेळी एकाच जागेवरून रेखाचित्र काढावे; शक्य असल्यास छायाचित्रही चिकटवावे.

ही नोंद अभियंत्याच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे मुलांना बजावावे. भेग दिसली म्हणजे पूल पडणारच, अशी आवई गावात उठू देऊ नये. पण नोंदीचे मोल कमी नाही. अधिकारी बदलून जातात, ठेकेदार बदलतात, शिक्षकांचीही बदली होते. गावात टिकून राहते ती शाळा. एकदा पाहिलेली भेग किती जुनी, ती वाढते आहे की तशीच आहे, हे एका दिवसाच्या पाहणीत कळत नाही. दहा वर्षे सातत्याने लिहिलेली वही ते सांगते. काही बदल आढळल्यास मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीमार्फत संबंधित विभागास लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत वहीतच ठेवावी.

१०. रपट्याविषयीचा नियम

पाठात हा भाग वगळू नये. आपल्या भागात मुलांचा संबंध पुलापेक्षा रपट्याशी अधिक येतो. सुमारे १५ सेंटिमीटर खोल, वेगाने वाहणारे पाणी चालत्या माणसाचा तोल घालवू शकते. ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार उचलू शकते आणि ६० सेंटिमीटर पाण्यात बहुतेक वाहने वाहून जातात. गढूळ पाण्याखाली रपट्याचा मधला भाग वाहून गेलेला असला तरी तो दिसत नाही. म्हणून नियम एकच : रपट्यावरून पाणी जात असेल तर ओलांडू नये, मग मोठी माणसे ओलांडीत असली तरीही. पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे.

या नियमास शाळेची साथ हवी. पुरामुळे अडलेल्या मुलास उशिराबद्दल किंवा गैरहजेरीबद्दल रागावू नये. शाळेतील शिक्षेच्या भयाने मूल पाण्यात पाऊल घालील, अशी वेळ आपण येऊ देता कामा नये. त्याचप्रमाणे ढग भरून आले आणि नाला चढू लागला, तर पलीकडच्या वस्तीतील मुलांना वेळेआधी सोडावे किंवा गावातच कोणाकडे थांबवून पालकांस निरोप पाठवावा. कोणत्या मुलाच्या वाटेवर कोणता रपटा आहे, याची यादी जूनमध्येच हजेरीपटाबरोबर करून ठेवावी.

११. फलकलेखन व स्वाध्याय

फळ्यावरील सार : पुलाचे बळ पायात. पुलाचे शत्रू चार : धूप, सांध्यांचा क्षय, गंज व जादा भार. वय पाहू नये, प्रकृती पाहावी. मार्ग चार : दुरुस्ती, भारमर्यादा, नवा पूल, पाडणे.

स्वाध्याय :
(१) पाण्याचा वेग अडीचपट झाला तर खांबावरील दाब किती पट होईल?
(२) उन्हाळ्यातील पाहणीत पायाजवळचा खड्डा का दिसत नाही, ते प्रयोगाच्या आधारे लिहा.
(३) तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढून त्यात नाले, रपटे व पूल दाखवा.
(४) गावाजवळच्या एका जुन्या पुलासाठी चारांपैकी कोणता मार्ग योग्य, ते कारणांसह सांगा.
(५) ‘आपत्तीनंतर १६५ दिवसांत होणारा पूल आपत्तीपूर्वी का होत नाही?’ यावर दहा ओळी लिहा.

शेवटच्या प्रश्नास एकच उत्तर नाही. कोणी पैशाचे कारण देईल, कोणी दुर्लक्षाचे, कोणी नियमांचे. एखादे मूल असेही लिहील की, पूल उभा आहे तोवर तो कोणाला दिसतच नाही. ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे. कारण उभ्या असलेल्या पुलाकडे पाहावयास शिकणे, एवढ्यासाठीच हा पाठ आहे.